पॅसिव्ह खेळाडूंकडून मोठ्या हँडची पूर्ण किंमत कशी वसूल करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नो-लिमिट होल्डेम पोकरच्या टेबलवर समोरचे लोक, म्हणजे पॅसिव्ह खेळाडू, स्वतःहून बेट लावत नाहीत, रेझ (दुसऱ्याची बेट वाढवणं) तर जवळपास नाहीच, नुसते कॉल करत (लावलेल्या बेटइतकी रक्कम भरून टिकत) बसतात. तुमच्याकडे जोरदार पानं येतात, जिंकताही, पण पॉट (मधोमध जमलेली रक्कम) मात्र चिमूटभर. उदाहरण तुम्हीच दिलंय. बटणावर (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी खेळणारी जागा) सत्तीची जोडी, एका लिम्परवर (रेझ न करता नुसती किमान रक्कम भरून आलेल्यावर) रेझ, त्याचा कॉल. फ्लॉप (टेबलवरची, म्हणजे बोर्डावरची, पहिली तीन सामाईक पानं) इस्पिक राजा, इस्पिक सत्ती, चौकट चव्वी. त्याने चेक केला (बेट न लावता पाळी पुढे दिली) आणि तुम्ही सेट (हातातली जोडी आणि बोर्डावरचं तसंच तिसरं पान) लपवायला मागून चेक केलं. टर्नला (चौथं पान) किल्वर दुर्री, तो चेक, तुम्ही अर्धा पॉट, कॉल. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) बदाम नव्वी, पुन्हा चेक, तुम्ही ‘घाबरू नये म्हणून’ ६ बीबी (बिग ब्लाइंड, म्हणजे पानं वाटण्याआधीची सक्तीची मोठी बेट), कॉल. त्याने राजा-दश्शी दाखवली. ३२ बीबीचा पॉट तुमचा, आणि त्याच्यासमोर अजून ८४ बीबी तशाच. (सगळे आकडे बिग ब्लाइंडमध्ये. हिशेब सोपा व्हावा म्हणून फ्लॉपच्या वेळी पॉट १०, मागे दोघांकडे ९५ धरतो.)

तुमची पानं कमी पडली नाहीत. तुम्ही सापळा लावलात, पण सापळ्यात पडण्यासाठी सावजाला स्वतः चालत यावं लागतं आणि हा माणूस जागचा हलतच नाही. त्याला करता येते ती एकच चूक, नको तिथे कॉल करणं, आणि तुम्ही त्याला ती करायची संधीच फ्लॉपवर दिली नाही. पॅसिव्ह खेळाडूसमोर पॉट वाढवायचं काम शंभर टक्के तुमचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.

आता आकड्यांत बघू, कारण हा मुद्दा ‘आक्रमक खेळा’ इतक्या मोघम सल्ल्याने पटत नाही. पॉट १०, मागे ९५. तिन्ही स्ट्रीटवर (फ्लॉप, टर्न, रिव्हर या बेटच्या फेऱ्यांत) अर्धा पॉट बेट लावली तर ५, १० आणि २०, म्हणजे त्याच्याकडून ३५ येतात. पाऊण पॉट लावली तर साधारण ७.५, १९ आणि ४७, मिळून ७३ च्या पुढे. आणि दर वेळी पॉटच्या ८५ टक्क्यांच्या आसपास लावली तर ८.५, २३ आणि शेवटी उरलेले ६३.५. बरोबर ९५, स्टॅक (समोरच्या सगळ्या चिप्स) संपला. बेट प्रत्येक स्ट्रीटवर थोडीशीच वाढवली, पण आधीच्या बेटने पॉट फुगलेला असतो म्हणून पुढची बेट आपोआप मोठी होते. नो-लिमिटमध्ये पैसा असा वाढतो, बेरजेने नाही, गुणाकाराने.

म्हणूनच फ्लॉपवरचा चेक इतका महाग पडतो. एक स्ट्रीट गेली की तेच ९५ उरलेल्या दोन स्ट्रीटमध्ये आत घालायला दोन्ही वेळा पॉटच्या पावणेदोनपट बेट लावावी लागेल. दोन स्ट्रीट गेल्या तर रिव्हरवर १० च्या पॉटमध्ये ९५, साडेनऊपट. त्याला कोण कॉल करणार? फ्लॉपवर तुम्ही ८ बीबी सोडल्या असं वाटतं. प्रत्यक्षात त्या ८ बीबींवर रिव्हरच्या ६० उभ्या राहणार होत्या.

‘पण फ्लॉपवर बेट लावली आणि तो फोल्ड झाला, पानं टाकून गेला तर?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याच्याकडे काय काय असू शकतं ते बघा. राजा असेल तर तो ८ बीबीला जात नाही, त्या टेबलवर कुणीच जात नाही. इस्पिकचा फ्लश ड्रॉ (फ्लशची पाच इस्पिक पानं व्हायला एकच कमी) असेल तर तोही नाही. चव्वीची जोडी किंवा अठ्ठ्या, नव्व्या हातात असतील तरी एकदा तरी बघतोच. जातो तो कोण? ज्याला काहीच लागलेलं नाही तो. अशा न जुळलेल्या दोन पानांना टर्नवर जोडी लागायची शक्यता ४७ पैकी ६ पानांची, म्हणजे १३ टक्क्यांच्याही आत. त्या १३ टक्क्यांसाठी, आणि त्यातही जोडी लागल्यावर मिळणाऱ्या एखाद-दुसऱ्या कॉलसाठी, तुम्ही राजावाल्याची आणि ड्रॉवाल्याची पूर्ण एक स्ट्रीट फुकट सोडताय. सौदा तोट्याचा आहे. जो फोल्ड करतो त्याच्याकडून फारसं येणारच नव्हतं.

आता बेटचा आकार. इथे बहुतेक जण अडखळतात, कारण आपण स्वतः जसा विचार करतो तसाच समोरचा करतो असं गृहीत धरतो. आपण पॉट ऑड्स (कॉलच्या किमतीच्या मानाने पॉट किती मोठा) बघतो, बेट मोठी झाली की आपली कॉल करायची रेंज (ज्या ज्या पानांवर कॉल करू ती सगळी) आक्रसते. पॅसिव्ह-लूझ (जवळजवळ कुठल्याही पानांवर आत येणाऱ्या) खेळाडूचा हिशेब तसा नसतो. तो आपली पानं बघतो आणि ‘जोडी आहे का? ड्रॉ आहे का?’ एवढं स्वतःला विचारतो. उत्तर ‘हो’ आलं की पुढे अर्धा पॉट आहे की पूर्ण, त्याने फारसा फरक पडत नाही. जोडी आहे म्हणजे कॉल. मग तुम्ही अर्धा पॉट का लावताय?

समजा रिव्हरवर तुमचा हँड नक्की वरचढ आहे. २० ची बेट तो दहापैकी आठ वेळा कॉल करतो, ६० ची दहापैकी चारच वेळा. पहिलीची सरासरी १६, दुसरीची २४. निम्म्या वेळा कमी कॉल मिळूनही मोठी बेट दीडपट कमावते. तिप्पट बेटला निदान एक तृतीयांश इतके कॉल मिळाले तरी ती छोटीच्या बरोबरीत येते, आणि पॅसिव्ह लोकांचे कॉल इतके कधी घटत नाहीत. गंमत म्हणजे छोटी बेट कॉल झाली की आपल्याला बरं वाटतं आणि मोठी फोल्ड झाली की हळहळ वाटते, त्यामुळे वर्षानुवर्षं लोक छोटीच लावत राहतात. हळहळ हा काही हिशेब नव्हे.

एक सावधगिरी. बेटचा आकार पानांच्या ताकदीवरून बदलला की चांगला खेळाडू तुम्हाला वाचतो, हे खरंय. पण ज्याच्याबद्दल आपण बोलतोय तो वाचत नाही. त्याच्यासमोर जोरदार पानांना मोठी आणि मध्यम पानांना थोडी छोटी बेट असं उघड उघड खेळलं तरी चालतं. टेबलवर तिसरा कुणी जाणकार बसलेला असेल आणि तोही त्याच पॉटमध्ये असेल, तेवढ्यापुरती काळजी घ्या.

फ्लॉपवर ड्रॉ असताना तर मोठ्या बेटला दुहेरी कारण आहे. तुमच्याच बोर्डावर टर्नपर्यंत आलो असं धरा: इस्पिक राजा, इस्पिक सत्ती, चौकट चव्वी, किल्वर दुर्री. त्याच्याकडे दोन इस्पिक. तो म्हणेल माझी नऊ पानं आहेत. पण त्यातली इस्पिकची चव्वी किंवा दुर्री आली तर बोर्डावर जोडी पडते आणि तुमचं फुल हाउस (तीन एकसारखी पानं आणि एक जोडी, फ्लशच्याही वर) होतं. म्हणजे त्याच्या कामाची पानं सातच. दोघांची पानं आणि बोर्ड धरून उरतात ४४. सात भागिले ४४, सोळा टक्के. तुम्ही पूर्ण पॉट बेट लावली तर कॉल परवडायला त्याला ३३ टक्के लागतात, अर्ध्या पॉटलाही २५ लागतात. तरी तो कॉल करतो, आणि त्या प्रत्येक कॉलमध्ये तुम्ही कमावता, त्या दिवशी इस्पिक पडलं तरीसुद्धा. ‘ड्रॉला पळवून लावण्यासाठी’ बेट लावतोय ही भाषाच डोक्यातून काढा. त्याला पळवायचं नाहीये, जास्तीत जास्त भाव लावून बसवायचंय. आणि रिव्हरला त्याचा ड्रॉ फसला की तो एक चिपही देणार नाही. ड्रॉकडून वसुली फक्त फ्लॉप आणि टर्नवरच होते.

हे झालं सेटसारख्या हँडबद्दल. पण सेट येतो कितीदा? हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट किंवा त्याहून चांगलं लागायचं प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास, साडेआठ वेळांतून एकदा. पॅसिव्ह लोकांसमोर खरी कमाई सेटवर अवलंबून नसते. ती टॉप पेअर (बोर्डावरच्या सगळ्यात वरच्या पानाशी जुळलेली जोडी) आणि ठीकठाक किकरवर (हातातलं दुसरं पान) तिसरी बेट लावण्यात असते, जिथे बहुतेक जण ‘बघू या, चेक’ म्हणतात. त्यामुळे इथे जरा थांबून एक हँड नीट मोजू.

तुमच्याकडे बदाम राजा आणि चौकट गुलाम. बोर्ड इस्पिक राजा, चौकट नव्वी, किल्वर चव्वी, बदाम दुर्री, इस्पिक सत्ती. समोरचा लिम्प-कॉल करून आलेला, लूझ, पॅसिव्ह. फ्लॉप आणि टर्नला त्याने कॉल केलं, रिव्हरला चेक केलं. पोझिशन तुमची, म्हणजे तुम्ही त्याच्यानंतर खेळता. तिसरी बेट लावायची का?

आधी तुम्हाला हरवणारी पानं. दोन राजे दिसलेत, दोन उरलेत. एक्का-राजाच्या आठ जोडण्या (हातात ती दोन पानं येण्याचे वेगवेगळे प्रकार) होतात, पण बरेचसे लोक त्यावर आधीच रेझ करतात, म्हणून निम्म्या, चार. राजा-राणी आठ. राजा-नव्वी सहा. रिव्हरवर सुधारलेली राजा-सत्ती सहा आणि सत्तीची जोडी तीन. नव्वी, चव्वी, दुर्रीचे सेट मिळून नऊ, पण सेटवाला पॅसिव्ह माणूससुद्धा टर्नपर्यंत सहसा जागा होतो, म्हणून तीनच धरू. बेरीज तीस.

आता तुम्ही हरवता ती. राजा-दश्शी आठ, राजा-अठ्ठी आठ. दश्शीची आणि अठ्ठीची जोडी मिळून बारा, त्यातले निम्मे तिसऱ्या बेटला टिकतात असं धरू, सहा. एक्का-नव्वी, राणी-नव्वी, दश्शी-नव्वी प्रत्येकी बारा, म्हणजे छत्तीस. त्यातलेही निम्मे, अठरा. बेरीज चाळीस.

चाळीस विरुद्ध तीस. २० बीबीची बेट लावली तर या सत्तर जोडण्यांवर सरासरी जवळजवळ ३ बीबी नफा. हरवणाऱ्यांपैकी काही जण रेझ करतील आणि तुम्ही फोल्ड कराल, पण तो तोटाही २० चाच, हिशेबात आधीच धरलेला. शिवाय या माणसाची रेंज मी हातचं राखून लावली आहे. राजा-छक्की, राजा-पंजी खेळणारे लोक असतात, ते धरले की बेट आणखी सोपी होते.

यात लक्षात ठेवायची गोष्ट ही की रिव्हरवर व्हॅल्यू बेट (आपल्याहून कमी पानांनी कॉल करावं म्हणून लावलेली बेट) लावायला तुमचा हँड ‘बहुतेक वेळा चांगला’ असणं पुरत नाही आणि ‘नेहमी चांगला’ असायची गरजही नाही. कॉल झाल्यावर निम्म्याहून जास्त वेळा पुढे असलात की झालं. आक्रमक खेळाडूसमोर ही पातळी वर जाते, कारण तो चेक-रेझचा (आधी चेक, मग तुमच्या बेटवर रेझ) ब्लफ करून तुमचा चांगला हँड फोल्ड करवू शकतो. पॅसिव्ह माणसासमोर ती भीती नाही. म्हणूनच त्याच्याविरुद्ध इतक्या पातळ कडेवरून बेट लावता येते.

याच नाण्याची दुसरी बाजू, आणि इथे शिस्त लागते: त्याने रेझ केला तर. तासन्‌तास नुसता कॉल करणाऱ्या माणसाने टर्नला किंवा रिव्हरला तुमच्या बेटवर रेझ केला, तर तुमची एक जोडी हरली आहे. एक्क्यांची असली तरी. त्या रेझमध्ये ब्लफ जवळजवळ नसतात, आणि ‘तो राजा-राणी इतकी जोरात खेळत असेल’ हेही नसतं. तिथे दोन जोड्या, सेट किंवा पूर्ण झालेला ड्रॉ असतो. तुम्ही तिन्ही स्ट्रीट बिनधास्त बेट लावू शकता, कारण धोक्याची घंटा तो स्वतःच वाजवतो. ती ऐकून पानं टाकता आली नाहीत तर मोठ्या बेटमधली सगळी कमाई एका कॉलमध्ये परत जाते. सेट असेल तर अर्थातच गोष्ट वेगळी. तिथे त्याच्या रेझवर ऑल-इन जा, त्याच्या दोन जोड्या कुठेही जात नाहीत.

आता ‘पॅसिव्ह’ या एका शब्दाखाली दोन वेगळी माणसं येतात. वरचं जवळजवळ सगळं लूझ-पॅसिव्हसाठी, ज्याला सगळे कॉलिंग स्टेशन म्हणतात त्याच्यासाठी आहे. ऑनलाइन खेळत असाल आणि आकडे दिसत असतील तर तो ओळखणं सोपं: व्हीपीआयपी (किती टक्के हँडमध्ये स्वतःहून पैसे घालतो) ४०-५०, पीएफआर (किती टक्के हँडमध्ये फ्लॉपआधी रेझ करतो) ५ च्या आसपास, आणि शोडाउनला (शेवटी पानं उघडण्यापर्यंत) जाण्याचं प्रमाण तिशीच्या बरंच वर. प्रत्यक्ष टेबलवर शोडाउनला उलटलेली पानं बघा. चव्वीच्या जोडीवर तीन बेट कॉल केलेला माणूस एकदा दिसला की त्याच्याबद्दल आणखी काही शोधायची गरज नाही. दुसरा असतो टाइट-पॅसिव्ह. तोही बेट लावत नाही, पण पानं निवडून येतो आणि दोन बेटनंतर नीट फोल्ड करतो. त्याने टर्नलाही मोठी बेट कॉल केली, तर रिव्हरवर राजा-गुलाम घेऊन तिसरी लावणं अतिशहाणपणा आहे. त्याच्याकडे राजा-राणी, एक्का-राजा किंवा त्याहून चांगलं आहे. त्याच्याकडून एका जोडीवर दोन स्ट्रीट मिळाल्या की समाधान मानायचं, आणि सेट असला की रिव्हरची बेट थोडी आवरती घ्यायची, कारण बेटचा आकार तो बघतो. दोघांना एकाच मापाने मोजू नका.

पोझिशन नसताना काय? तेच, फक्त आधी. तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये आणि सेट लागला, मागे पॅसिव्ह माणूस बसलाय, तर चेक-रेझची वाट बघू नका. चेक-रेझला त्याची बेट लागते आणि तो लावणार नाही. मागून चेक करेल आणि एक स्ट्रीट गेली. सरळ लीड करा, म्हणजे पहिली बेट तुम्हीच लावा. आधी रेझ करणारा तिसराच कुणी आक्रमक असेल आणि तो फ्लॉपवर बेट लावेल याची खात्री असेल, तर चेक करायला हरकत नाही.

कधीमधी हा माणूस स्वतःच बेट लावतो, फ्लॉपवर पाव पॉट वगैरे. बहुधा त्याला काहीतरी लागलेलं असतं आणि त्याला ‘स्वस्तात पुढचं पान बघायचंय’. जोरदार हँड असेल तर लगेच रेझ करा, तोही छोटा नाही. तो कॉल करेल. मध्यम हँडवर नुसता कॉल ठीक.

पॉटचा पाया प्रीफ्लॉपला पडतो, त्याबद्दल थोडंसं. लिम्पर असतील तर ४ बीबी आणि प्रत्येक लिम्परमागे आणखी एक, हा चालू हिशेब. पण टेबल ६ किंवा ७ बीबीलाही कॉल करतंय असं दिसलं तर एक्के, राजे, एक्का-राजा घेऊन ७ का नाही? दोन फायदे होतात. पॉट मोठा, आणि सोबत येणारे कमी. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हँडविरुद्ध ८५ टक्के जिंकते, चौघांविरुद्ध ५६ टक्क्यांवर येते. चौघे आले तरी एक्के फायद्याचेच, पण फ्लॉपनंतर खेळणं अवघड होतं आणि एका जोडीवर स्टॅक घालता येत नाही. उलट ‘एक्के आलेत, लिम्प करून सगळ्यांना आत घेऊ’ हा विचार म्हणजे फ्लॉपवरच्या चेकचाच थोरला भाऊ. छोट्या पॉटचं आणखी एक दुखणं असतं, रेक, म्हणजे खेळ चालवणारा पॉटमधून कापतो तो वाटा. टक्केवारीने कापला जाणारा रेक बहुतेक ठिकाणी ठरावीक मर्यादेपर्यंतच असतो, त्यामुळे मोठ्या पॉटमधून प्रमाणात कमी जातो. छोटे छोटे पॉट जिंकत बसणाऱ्याला तो पोखरतो.

पॉटमध्ये तीन-चार जण असतील तर मोठ्या हँडवर बेट मोठीच राहू द्या, कारण कुणाकडे ना कुणाकडे कॉल करण्याजोगं असतंच. मात्र वरची राजा-गुलामवाली पातळ बेट तिथे विसरा. दोघांनी दोन बेट कॉल केल्यावर त्यातल्या एकाकडे तरी तुमच्याहून चांगला राजा असतो.

लपवून खेळणं कधीच बरोबर नाही असं म्हणत नाही. पानं इतकी तुमच्याकडे असतील की समोरच्याला काही लागूच शकत नाही, तेव्हा थांबायला कारण आहे. हातात राजाची जोडी आणि फ्लॉप राजा-राजा-पंजी, चारही राजे तुमचे. त्याला कॉल करायला पानंच नाहीत. तिथे एक चेक करा, त्याला एखादी जोडी लागू द्या, मग बेट. पण लक्षात घ्या, हे चौकडीसाठी आहे. राजा-सत्ती-चव्वीवर सत्तीच्या सेटसाठी नाही, जिथे तीन राजे अजून बाहेर आहेत आणि राजा-राणी, राजा-गुलाम, राजा-दश्शी प्रत्येकाच्या बारा-बारा जोडण्या शिल्लक आहेत. बोर्डावरचं वरचं पान तुमच्याकडे नसताना सेट असणं ही वसुलीसाठी सगळ्यात उत्तम परिस्थिती. नेमक्या तिथेच तुम्ही चेक केलंत.

रिव्हरला फ्लशचं तिसरं पान पडलं की हात आखडतात. पॅसिव्ह माणसाने चेक केलं असेल तर सेट घेऊन थांबू नका. त्याच्याकडे फ्लशपेक्षा राजा असायच्या जोडण्या कितीतरी जास्त, आणि राजावाला ‘फ्लश असेल का’ म्हणत म्हणतही कॉल करतो. आकार मात्र अर्ध्या पॉटपर्यंत आणा आणि रेझ आला तर फोल्ड करा. एका जोडीला अशा वेळी चेक करणं मला जास्त पटतं, समोरचा अगदीच कशालाही कॉल करणारा नसेल तर. फ्लॉपचा राजाच पुन्हा पडला आणि तुमच्याकडे एक्क्यांची जोडी असेल तर काय, हेही लोक विचारतात. राजावाला आता तिघांवर पोचलाय, पण त्याच्या जोडण्याही घटल्यात. मी एक बेट लावतो, आणि रेझ आला की सोडतो.

ब्लफबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एक ओळ: जो माणूस चव्वीच्या जोडीवर तीन बेट कॉल करतो त्याला ब्लफ करणं म्हणजे त्याच्याकडून घेतलेले पैसे परत देणं. फ्लॉपवर एखादी बेट ठीक, पुढे काही लागलं नाही तर चेक.

शेवटी टेबलवरची एक साधी गोष्ट, जी बेटच्या गणितापेक्षा लवकर लागू होते. तुम्हाला जिंकता येतं ते दोघांपैकी छोट्या स्टॅकइतकंच. कॉलिंग स्टेशनसमोर १५० बीबी आणि तुमच्यासमोर ४५ असतील, तर सेट लागला तरी ४५ च्या वर काही येणार नाही. स्टॅक ८०-९० च्या खाली आला की तो हँड संपताच भरून घ्या, पुढचा हँड सुरू होण्याआधी. आणि जागा बदलायची सोय असेल तर हा माणूस तुमच्या उजव्या हाताला येईल असं बसा, म्हणजे तो लिम्प करून आत आल्यावर किती मोठा रेझ करायचा हे तुम्ही ठरवाल, आणि तिन्ही स्ट्रीटवर त्याचा चेक आधी बघून मग बेट लावाल.